धुऊनही खरखरीत लागणारा गाडीचा रंग: रुतलेले कण कसे काढायचे

शाम्पूने नीट धुतल्यावरही बॉनेटवर बोटांना खर लागत असेल, तर ती धूळ नव्हे. धूळ पाण्याने गेलेली असते. उरतात ते रंगाच्या वरच्या थरात रुतलेले किंवा त्याला घट्ट चिकटलेले कण: ब्रेकच्या लोखंडाची भुकटी, डांबर, काजळी, क्षार, झाडाचा चीक, कुणाच्या तरी गेटचा उडालेला ऑइल पेंट. सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात यातलं जवळजवळ सगळं एकाच गाडीवर सापडतं.

बहुतेक लोक इथे घासायला लागतात, आणि नुकसान तिथेच होतं. कंपनीच्या रंगाचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केससुद्धा साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. ऊन आणि पाऊस झेलायला एवढाच थर आहे, आणि प्रत्येक रबिंगमध्ये त्यातला थोडा कायमचा जातो. म्हणून क्रम असा ठेवायचा: जे विरघळतं ते आधी विरघळवायचं, जे उरेल ते क्लेने, म्हणजे कण धरून घेणाऱ्या खास लवचीक मातीने, ओढून काढायचं, आणि त्यानंतरही डाग दिसला तरच पॉलिश. हा क्रम उलटा केला की रुतलेले कणच पॉलिशच्या पॅडखाली फिरतात आणि रंगावर चरे ओढतात.

आधी ओळख पटवा

धुऊन वाळलेल्या गाडीवर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोटं अलगद फिरवा. नुसत्या बोटाला न कळणारी खर पिशवीतून स्पष्ट जाणवते. टप, बॉनेट, डिकीचं झाकण आणि चाकांमागचा भाग वेगवेगळा तपासा, कारण प्रत्येक ठिकाणचा पाहुणा वेगळा असतो.

पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी-तपकिरी ठिपके दिसले, तर ते लोखंड. ब्रेक लागताना डिस्क आणि पॅडमधून तापलेले कण उडतात, क्लिअर कोटमध्ये रुततात आणि दमट हवेत गंजतात. आंबा घाटातून किंवा खंबाटकीतून वरचेवर उतरणाऱ्या गाडीवर ते जास्त. कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडसमोर गाडी उभी राहत असेल, तर ग्राइंडरच्या ठिणग्यांतूनही हेच होतं. मिरज जंक्शनच्या रुळांलगत रोज पार्किंग असेल, तरी तेच. गडद गाडीवर हे ठिपके दिसत नाहीत, पण असतात. नव्या गाडीवरही असू शकतात, कारण बऱ्याच गाड्या कारखान्यातून रेल्वेनेच येतात.

चाकांमागे, दाराखालच्या पट्टीवर आणि मागच्या बंपरवर काळे, थोडे फुगीर ठिपके म्हणजे डांबर. पांढरट, कडा उठलेली वर्तुळं म्हणजे पाण्याचे क्षार. जत, कवठेमहांकाळकडच्या बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळू दिली, तर एका धुण्यातही ती उमटतात.

काजळीचं प्रकरण खास आपल्याकडचं आहे. गाळप हंगामात कारखान्याच्या चिमणीतून आणि शेतात पेटवलेल्या पाचटातून काळी भुरभुर येते. हाताला मऊ लागते, म्हणून सकाळी ऑफिसला निघताना कोरड्या फडक्याने झटकली जाते. पण बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, राखेत सिलिकाचं प्रमाण मोठं असतं, आणि सिलिका क्लिअर कोटपेक्षा कठीण असते. टपावर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे बहुतेक वेळा याच झटकण्यातून येतात. हंगामात कोरडं फडकं गाडीला लावूच नये. पाण्याची धार मारा, नाहीतर राख तशीच राहू द्या.

आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांत बारीक चिकट थेंब दिसतात. तो झाडाचा चीक नसतो. तुडतुड्यांनी सोडलेला तो गोड स्राव असतो. कोमट पाण्याने जातो, पण राहिला तर त्यावर काळी बुरशी धरते.

सामान

हॅचबॅकसाठी साधारण एवढं लागतं: पीएच न्यूट्रल कार शाम्पू, 200 ते 250 मिली आयर्न रिमूव्हर, 100 ते 150 मिली टार रिमूव्हर, 100 ग्रॅमचा फाइन ग्रेडचा क्ले बार, दोन बादल्या, एक वॉश मिट (धुण्याचा मऊ हातमोजा), 300 ते 400 जीएसएमचे (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) सहा-सात मायक्रोफायबर, नायट्राइलचे हातमोजे, आणि शेवटी लावायला वॅक्स किंवा सीलंट. मोठ्या एसयूव्हीला रसायनं दीडपट धरा.

क्लेचा ग्रेड रंगावरून ठरवू नका. एका कंपनीचा निळा फाइन असतो, तर दुसरीचा मीडियम. डबीवर लिहिलेलं वाचा. पहिल्यांदा करणाऱ्याने फाइनच घ्यावा. हेवी ग्रेड ओव्हरस्प्रेसारख्या, म्हणजे उडून बसलेल्या रंगासारख्या, हट्टी कामासाठी असतो आणि त्यानंतर पॉलिश करावंच लागतं.

जुना पंचा, बनियनची चिंधी, गॅरेजमधलं कॉटन वेस्ट आणि भांड्यांचा हिरवा स्क्रबर या कामात नको.

जागा, वेळ आणि पाणी

काम सावलीत, पत्रा गार असताना करा. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातला सुरुवात केली तरच दहा-साडेदहापर्यंत रसायनांचं काम उरकतं. तळहाताची मागची बाजू बॉनेटवर ठेवा; चटका सोडाच, उबदार लागलं तरी थांबा. रसायन तापलेल्या पत्र्यावर वाळलं की नवा डाग पडतो, आणि तो आधीच्यापेक्षा चिवट असतो. एकट्याने चार-पाच तास सहज जातात.

पाण्याबद्दल एक चुकीची काटकसर फार दिसते: आरओच्या फेकल्या जाणाऱ्या पाण्याने गाडी धुणं. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार साठलेले असतात. फरशीला ते चालेल, गाडीला नाही. धुण्यासाठी नळाचं पाणी वापरा. घरी फक्त बोअर असेल, तर एकेक बाजू धुऊन लगेच पुसा आणि अखेरच्या खळखळीला पाच-सहा लिटर शुद्ध आरओ किंवा साठवलेलं पावसाचं पाणी ठेवा.

धुणं

आधी फक्त पाणी, वरून खाली, दोन-तीन मिनिटं. प्रेशर वॉशर असेल तर नोझल फूट-दीड फूट लांब ठेवा आणि जिथे रंगाचा टवका उडालाय तिथे धार रोखू नका. चाकांच्या कमानीत आतून बसलेली काळी माती आधी सोडवा, नाहीतर ती शेवटपर्यंत झिरपत राहते आणि धुतलेल्या पट्टीवर येते.

एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवा. शाम्पूचं प्रमाण बाटलीवर असतं तेवढंच घ्या. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो म्हणून दुप्पट ओतण्याने स्वच्छता वाढत नाही, थर मात्र राहतो. आता पाणी निथळू द्या आणि मायक्रोफायबरने टिपून घ्या.

डांबर

डांबर पेट्रोलियमचंच असल्याने पेट्रोलियमच्या द्रावकातच विरघळतं. शाम्पूचा त्यावर काही परिणाम होत नाही. टार रिमूव्हर नसेल तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. रॉकेलनेही डांबर सुटतं, पण ते तेलकट थर मागे ठेवतं आणि दोनदा धुवावं लागतं. पेट्रोल वापरू नका. ते चटकन उडतं, आगीचा धोका असतो, आणि डांबर पुरतं सुटण्याआधीच वाळल्यामुळे हात आपोआप घासायला लागतो. एनसी थिनर तर अजिबात नको. गॅरेजमध्ये मारलेला रंग त्याने मऊ पडतो, निघूनही येतो.

द्रावक फडक्यावर घ्या, थेट गाडीवर ओतू नका. ठिपक्यावर ओलं फडकं मिनिट-दोन मिनिटं टेकवून ठेवा. कडेने तपकिरी ओघळ सुटला की स्वच्छ कोपऱ्याने एकदाच उचलून घ्या. राहिलं तर पुन्हा टेकवा. डांबरात खडीची कच असते, म्हणून जोर लावला की चरा पडलाच म्हणून समजा. रबराचं बीडिंग, काळं प्लास्टिक आणि हेडलाइट यांपासून द्रावक लांब ठेवा. झालं की तेवढा भाग शाम्पूने धुवा, नाहीतर पुढचं रसायन त्या तेलकटपणावरून घसरून जातं.

लोखंड

आयर्न रिमूव्हरमध्ये बहुधा थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाला धरतं, जांभळा रंग देतं आणि कण विरघळवून सैल करतं. वास कुजक्या अंड्यासारखा येतो. हातमोजे घाला, बंद पार्किंगमध्ये करू नका.

गाडी पुसलेली, फार तर ओलसर असावी. पाणी ओघळत असेल तर औषध पातळ होऊन वाहून जातं. खालून वर फवारा, एका वेळी अर्धी गाडी. बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा. साधारण तीन ते पाच मिनिटं असतो. जांभळे ओघळ दिसले की मिट किंवा ब्रश लावायचा मोह होतो, तो टाळा: कण अजून पूर्ण सुटलेले नसतात. एखादा भाग वाळायला लागला तर त्यावर पुन्हा थोडं फवारा. मग भरपूर पाण्याने धुवा. फटी, नंबरप्लेटच्या मागची जागा, दारांच्या कडा सोडू नका.

दुसरा हात फक्त जिथे पहिल्यांदा गडद जांभळं झालं तिथेच द्या. कुठेच रंग बदलला नाही, तर लोखंड नाही; औषध वाया घालवू नका. अलॉय चाकांवरही हे चालतं, पण ब्रेक पूर्ण गार असताना.

धुतल्यावरही एखादा नारिंगी ठिपका तसाच राहिला, तर जवळून बघा. मध्ये खड्डा दिसत असेल आणि काही दिवसांत गंज पुन्हा येत असेल, तर तो बाहेरून आलेला कण नाही. टवका उडून खालचा पत्रा गंजतोय. त्याला टच-अप लागतो, क्ले नव्हे.

क्षार, चीक, सिमेंट

वरवरचे क्षार आम्लाने सुटतात. व्हाइट व्हिनेगर आणि शुद्ध पाणी समप्रमाणात, किंवा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व 20 ग्रॅम एक लिटर आरओच्या पाण्यात. फडकं त्यात भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, उचला, लगेच शाम्पूच्या पाण्याने धुवा. आयर्न रिमूव्हर पूर्ण धुतल्याशिवाय आम्ल लावू नका. ही दोन्ही एकत्र येता कामा नयेत. क्रोमच्या पट्ट्यांवर आणि उघड्या ॲल्युमिनियमवर आम्ल रेंगाळू देऊ नका.

दोनदा करूनही वर्तुळ दिसतं, पण बोटाला काही लागत नाही, असं असेल तर क्षार गेलेले आहेत आणि त्यांनी रंग खाल्लेला आहे. तिथे आणखी आम्ल लावून उपयोग नाही. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तसंच. ताजी असेल तर ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवून अलगद उचलता येते. उन्हात एक-दोन दिवस राहिली तर खाली खड्ड्यासारखी खूण उरते, ती पॉलिशनेच कमी होते, कधी होतही नाही.

फरशी धुवायचं ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर वापरून डाग चटकन घालवून देणारे वॉशिंग सेंटरवाले भेटतात. डाग जातो हे खरं. पण त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि फटींत राहिलेलं ॲसिड पत्रा व स्क्रू खात बसतं.

कडुनिंबाचा किंवा बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो: गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पाच मिनिटं, दोन-तीनदा. राळेसारखा चीक मात्र पाण्याला दाद देत नाही. त्याला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, फडक्यावर घेऊन, अर्धा मिनिट. स्लॅबचं सिमेंट उडालं असेल तर घट्ट होण्याआधी नुसत्या पाण्याची धार पुरते. घट्ट झाल्यावर नखाने किंवा ब्लेडने उचकटू नका, वाळूसकट क्लिअर कोट येतो. वरचंच लिंबूसत्त्वाचं पाणी पाच-पाच मिनिटं, मध्ये धुऊन, चार-पाच वेळा. भुसभुशीत झालं की ते स्वतःच सुटतं.

आणि दसऱ्याची हळद. पांढऱ्या बॉनेटवरचा पिवळा डाग साबणाने लाल होतो आणि माणूस घाबरतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, एवढंच. ते उजेडात टिकत नाही. गाडी धुऊन दोन-चार दिवस उन्हात उभी करा, डाग फिकट होत जातो.

क्ले

आता उरलेलं सगळं क्लेचं. क्ले ही बारीक अपघर्षक मिसळलेली लवचीक माती. ओल्या पृष्ठभागावरून सरकताना ती वर डोकावणाऱ्या कणाला धरते आणि ओढून स्वतःत घेते. म्हणून वंगण हवंच. क्ले कोरडी टेकली की ती रंगावर चिकटते, घासते, पट्टे सोडते.

वंगण म्हणून क्ले ल्यूब उत्तम. नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात 10 मिली कार शाम्पू, स्प्रेच्या बाटलीत. 100 ग्रॅमच्या बारचे तीन तुकडे करा, म्हणजे एक हातातून पडला तरी दोन राहतात. हा विनोद नाही: जमिनीवर पडलेला तुकडा फेकूनच द्यायचा. धुऊन वापरता येत नाही, कारण वाळूचे कण आत घुसलेले असतात.

एक तुकडा कंदी पेढ्याएवढा गोल करून तीन बोटांच्या रुंदीत चपटा दाबा. डिसेंबरच्या सकाळी क्ले कडक होते. कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. मे महिन्यात ती लिबलिबीत होते, तेव्हा गार पाण्यात.

दीड-दोन फूट चौकोन घ्या. त्यावर आणि क्लेवरही भरपूर फवारा. मग सरळ रेषेत पुढे-मागे, गोल नाही. गोल चरे कुठल्याही कोनातून दिसतात. बोटांचं वजन पुरे, दाब नको. सुरुवातीला क्ले अडखळते आणि कर्र आवाज येतो. आठ-दहा फेऱ्यांत ती गुपचूप सरकायला लागली की तो चौकोन झाला. तिथेच जास्त फिरवत राहू नका. पुसा, पिशवीने तपासा, पुढे जा.

दर चौकोनानंतर क्लेचा चेहरा बघा. तपकिरी किंवा काळा झाला असेल तर घडी घालून स्वच्छ बाजू बाहेर काढा. सगळीच करडी झाली, घडी घालूनही स्वच्छ बाजू मिळेना, की तो तुकडा संपला.

क्रम टप, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि शेवटी खालच्या पट्ट्या व बंपर. खालच्या भागाला वेगळा तुकडा ठेवा. संपत आलेला तुकडा काचेसाठी वापरा; विंडशील्डवर फिरवली की वायपरची किरकिर बरेचदा थांबते. काचेवर किंवा चाकांवर लावलेली क्ले पुन्हा रंगावर आणायची नाही.

क्ले मिट आणि क्ले टॉवेल झटपट होतात आणि पडले तर धुता येतात, पण हाताला कणाचा अंदाज कमी लागतो. नवा मिट आधी काचेवर मिनिटभर फिरवून घ्या, त्याचा पहिला कडकपणा मोडतो. काळ्या गाडीला आम्ही बारच सुचवू.

क्लेने पुसट चरे येऊ शकतात. पांढऱ्यावर दिसत नाहीत, काळ्या-निळ्यावर दिसतात. म्हणून गडद गाडीवर दाराखालच्या कोपऱ्यात एक चौकोन करून टॉर्च तिरकी धरून बघा. चरे आले तर वंगण कमी पडतंय किंवा दाब जास्त आहे. दोन्ही ठीक असूनही आले, तर रंगच मऊ आहे. पुढे पॉलिश करायची तयारी ठेवूनच चालू करा.

पॉलिश, वॅक्स, आणि जिथे हात आखडता घ्यायचा

क्लेनंतर शाम्पूने एकदा हलकं धुऊन गाडी पूर्ण वाळवा. चरे किंवा खाल्लेले डाग नसतील तर पॉलिश करूच नका. असतील तर फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोम पॅड, ड्युअल ॲक्शन मशीनवर किंवा हाताने, फक्त तेवढ्या भागावर. कडांवर आणि उठावाच्या रेषांवर क्लिअर कोट सगळ्यात पातळ असतो, तिथे टेप लावा. गॅरेजमधलं लोकरी पॅडचं रबिंग चकाकी आणतं खरं, पण त्यासाठी बराच थर घालवतं. पॅडवर गाडीचाच रंग उतरायला लागला, तर एक तर गाडीला क्लिअर कोट नाही, जुनी सिंगल स्टेज (वर वेगळा पारदर्शक थर नसलेली) आहे, किंवा तो संपलाय. लगेच थांबा.

क्लेने जुनं वॅक्सही जातं आणि रंग उघडा पडतो. त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट लावा, पातळ, एकेका भागाला; जाड थर जास्त टिकतो असं नाही, तो फक्त पुसायला त्रास देतो. सिरॅमिक कोटिंग करून घ्यायचं असेल तर हे सगळं आधी व्हायलाच हवं, नाहीतर नारिंगी ठिपके कोटिंगखाली कायमचे बंद होतात.

मॅट रंगावर क्ले आणि पॉलिश दोन्ही नको, रसायनांपर्यंतच थांबा. पीपीएफवर, म्हणजे रंगावर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक फिल्मवर, क्ले अगदी हलक्या हाताने, फिल्मच्या कडा सोडून. नवीन रंगकाम झालं असेल तर क्ले, द्रावक आणि वॅक्स कधी चालेल ते रंगवणाऱ्यालाच विचारा. कंपनीत भट्टीत भाजलेल्या रंगाइतका तो लवकर पक्का होत नाही. रसायनांचं पाणी विहिरीकडे किंवा ओढ्यात जाईल अशा उतारावर गाडी धुऊ नका.

वर्षातून दोनदा पिशवीने तपासलं तरी पुरतं: एकदा कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात, आणि एकदा पाऊस संपल्यावर. खर लागली नाही तर क्ले करायची नाही. नुसतं आयर्न रिमूव्हर मारून, धुऊन, नवं वॅक्स लावा.